रानीखोहचा रस्ता

रानीखोह आराखड्यात आली, की अभिरामला भोपाळ मिळणार होतं. सौदा इतका साधा होता, फक्त त्याला सौदा कुणी म्हणत नव्हतं.

अभिराम आमचा साहेब. सरकारी जंगलात पुढच्या दहा वर्षांत कुठली झाडं तोडायची, कुठल्या झाडांना हात लावायचा नाही, उन्हाळ्याआधी कुठल्या पट्ट्यातलं गवत आपणच जाळून वणव्याची वाट अडवायची, कुठला रस्ता चालू ठेवायचा आणि कुठला बुजवायचा, हे सगळं पायी फिरून ठरवायचं आणि आराखड्यात लिहून काढायचं, हे त्याचं काम. ग्वाल्हेरात तो हे तीन वर्षं करत होता. बायको प्रांजली भोपाळच्या कॉलेजात शिकवायची, मुलगी अवंतिका तिच्याजवळ. ती पोर बापाला मुख्यतः फोनवर ओळखायची, आणि फोन बंद झाला की "बाबा संपले" म्हणून खेळायला जायची.

मग वरून फोन आला. "आपके प्लान में लकड़ी कम दिख रही है. रानीखोह जोड़ दीजिए, रास्ता दिखा दीजिए. फिर आपके तबादले की फाइल हम खुद देख लेंगे."

रानीखोह म्हणजे घाटीगावच्या पलीकडे, पठाराच्या पूर्व कडेला पडलेली खोल दरी. धावडा, करधई, ओढ्याच्या काठाला अर्जुन. कुऱ्हाड तिथं पोचलीच नव्हती, कारण लाकूड वर आणायला रस्ता नव्हता.

रस्ता आहे, असं म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता. माधवगंजचे संभाजीराव. निवृत्त रेंजर, वय सत्तरीच्या दारात, मिशा अजून नोकरीत. त्यांचे आजोबा महिपतराव संस्थानाच्या शिकारखान्यात होते, आणि दरीत हत्ती उतरवायला त्यांनी दगडी रस्ता बांधला, असं संभाजीराव प्रत्येक लग्नात, बारशात आणि तेराव्याला सांगत आले होते. रस्ता सापडला तर नव्या नकाशावर "महिपतराव मार्ग" लिहायचं, असा शब्द त्यांनी अभिरामकडून आधीच घेतला होता. त्यांचा फायदा तेवढाच. पण माणूस तेवढ्यासाठी दोन डोंगर चढतो.

वनरक्षक रामहेतचा फायदा पोटाचा होता. रस्ता झाला की जीप दरीपलीकडच्या त्याच्या चौकीपर्यंत येणार, आटा-डाळ डोक्यावरून वाहणं संपणार. आणि माझा? मी सीमंतिनी, खात्यात नकाशे काढते. पन्नाशी उलटली, गुडघे त्याआधीच उलटले. फूलबागेजवळच्या कचेरीत पंख्याखाली बसून जंगल रंगवायचा मला कंटाळा आला होता. मला फक्त बाहेर पडायचं होतं. सगळ्यांत स्वस्त हिशेब माझा, असं मला तेव्हा वाटलं.

मार्च लागला होता. निघतानाच आम्ही दमलेले होतो.

जीप पठाराखालच्या वननाक्याला ठेवली आणि पठाराकडे चालू लागलो. रस्ता म्हणून जो होता, तो वीसेक वर्षांपूर्वी पठारावरची झाडं तोडली तेव्हाचा. लाकूड कधीच गेलं होतं, पण रस्ता काही लोकांनी प्रेमानं राखला होता. ट्रकच्या चाकांच्या ताज्या खुणा, कडेला फुटलेल्या लाल दगडाचा चुरा.

"हे कोण रे, रामहेत?" मी विचारलं.

"पत्थर वाले, मैडम. रात को आते हैं."

"आणि तू?"

"मैं रात को सोता हूँ," रामहेत म्हणाला. त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती.

पुढे पावसाळ्यात नाल्यानं रस्ता खाल्ला होता. अर्धा रस्ता खाली दरडीत पडलेला, अर्धा हवेत लटकलेला. आम्ही बसून, घसरून, एकमेकांच्या पिशव्या झेलत उतरलो आणि पलीकडे बोरीबाभळीच्या जाळीतून वर आलो. माझ्या ओढणीचा निम्मा भाग ती जाळी अजून नेसून असेल. त्या चढावर पाण्याच्या दोनपैकी एका कॅनचं झाकण निघालं आणि पाणी रामहेतच्या पाठीवरून पायापर्यंत वाहून गेलं. तो बिचारा "आज ठंडा लग रहा है" म्हणत बराच वेळ खुशीत चालत होता!

पठारावरचं टाकं भरलेलं असतं, असं संभाजीरावांनी सांगितलं होतं. टाक्यात सुकलेला चिखल होता, त्यावर तरसाची पावलं.

"माझ्या काळात असायचं," संभाजीराव म्हणाले.

"काका, तुमच्या काळात सगळंच असायचं," अभिराम हसून म्हणाला.

"असायचंच! तुझ्या काळात काय आहे? मोबाइल! त्यातून पाणी काढ."

त्या दिवशी हे शेवटचं हसणं. दिवस कलता कलता आम्ही एका सालईखाली अंग टाकलं. इंदुताईंनी, म्हणजे अभिरामच्या आईनं, दौलतगंजहून दिलेल्या शंकरपाळ्या कोरड्या तोंडात फिरत राहिल्या. कुणी कुणाला शुभरात्री म्हटलं नाही. झोप आली नाही, नुसते कोसळलो.

इथं आमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ग्वाल्हेरची मराठी मंडळी इतकी थोडी उरलीत की प्रत्येक जण दुसऱ्याचा कुणीतरी लागतो. कोतवालीत जा, बँकेत जा, दवाखान्यात जा, समोरचा मराठी निघाला की तिसऱ्या वाक्याला काका, मामा, आत्या ठरते. छान वाटतं. काम पटकन होतं. फक्त एकदा काका म्हटलं, की त्या माणसाला नाही म्हणायची सोय राहत नाही. संभाजीराव अभिरामच्या वडिलांचे मित्र. कागदावर अभिराम पथकाचा प्रमुख, संभाजीराव मानधनावरचे मार्गदर्शक. पण अभिराम त्यांना रोज सकाळी वाकून नमस्कार करायचा, आणि हुकूम देणाऱ्यानं आधी वाकायचं म्हटलं की हुकूम कमरेतच राहतो.

सकाळी उठायला उशीर झाला. ऊन गवतावर आलं होतं, दव उडून गेलं होतं.

पठारावर दरीच्या अलीकडे एक जाळरेषा आखलेली होती. जाळरेषा म्हणजे लांबच लांब पट्टा. दोन्ही कडा दाताळ्यानं खरवडून नितळ करायच्या आणि मधलं गवत दव असताना, वारा पडलेला असताना, माणसं उभी करून जाळून टाकायचं. मग पुढे वणवा आला तरी त्याला खायला काही उरत नाही. हे काम फेब्रुवारीतच व्हायला हवं होतं. मजुरांनी कडा खरवडल्या, आणि मोहरीची कापणी आली म्हणून सगळे गावी निघून गेले. आणि रेषा जाळल्याचे फोटो आराखड्यासोबत वर जायचे होते.

"आपण चौघं आहोत ना," संभाजीराव म्हणाले. "एवढा तुकडा जाळून टाकू, फोटो काढू, मग रस्त्याला लागू. एक काम उरकलं."

अभिराम रेषेच्या कडेला उभा होता. मी त्याचा चेहरा बघत होते. मला झाडांपेक्षा माणसं लवकर वाचता येतात. खरवडलेली कड आता नितळ नव्हती. महिन्याभरात वाऱ्यानं तिच्यावर पाचोळा पसरला होता. गवत कमरेइतकं, सुकून पांढरं झालेलं, आणि त्याचे शेंडे दरीच्या दिशेला, पूर्वेला झुकत होते. वारा पश्चिमेचा होता, नुकता उठत होता. हे सगळं अभिरामनं पाहिलं. तोंड उघडलं.

"काका, हवा चालू झाली आहे. उद्या पहाटे केलं तर?"

"उद्यापर्यंत पाणी आहे का तुझ्याकडे?"

"नाही, पण ये ठीक नहीं लग रहा, काका. कडेवर पाला आलाय."

"अरे अभि!" संभाजीरावांनी हसत त्याच्या खांद्यावर थाप मारली. "तुझ्या मुंजीत तुला खांद्यावर घेऊन नाचलोय मी. या रेषा जाळण्यात केस पांढरे झाले माझे. तू मला वारा शिकवून राहिलास?"

अभिराम गप्प बसला.

मीही गप्प बसले. मीही त्यांना काकाच म्हणते. रामहेतनं माझ्याकडे पाहिलं, मी रामहेतकडे. तो पुटपुटला, "साहब लोग जानें," आणि हिरवी फांदी तोडायला गेला.

संभाजीरावांनी काडी लावली.

पहिली काही मिनिटं सगळं शहाण्यासारखं चाललं. आग पट्ट्यात होती, वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकत होती, आम्ही पूर्वेच्या कडेला फांद्या घेऊन उभे होतो, आणि मी फोटो काढत होते. संभाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. एवढ्यात पट्ट्याच्या मधोमध एक वावटळ उठली. लहानशीच. तिनं जळतं गवत उचललं, उंच नेलं आणि कडेपलीकडे, आमच्या पाठीमागे, उभ्या गवतात टाकलं.

फुस्स असा आवाज झाला.

"मागे! मागे लागली!"

रामहेत फांदी घेऊन धावला. दोन फटके मारले; दुसऱ्या फटक्याला फांदीच पेटली! कडेवरचा पाचोळा आता ठिकठिकाणी धुमसू लागला. एक ठिपका. मग चार. मग ठिपके नाहीतच, नुसती ओळ! पट्ट्यातली आग कडा ओलांडून आली, मागच्या आगीला भेटली आणि दोघी मिळून गर्जल्या. तापल्या तेलाच्या मोठ्या कढईत पाणी ओतावं तसा आवाज. आम्ही त्यांच्या बाजूनं निसटून दरीकडच्या गवतात आलो; धूर आमच्या अंगावरून दरीकडे वाहू लागला. पश्चिमेला आग, उत्तरेला आग, दक्षिणेची टोकं वाकून पुढे येत होती. पूर्वेला तेच सुकं गवत, आणि गवत संपतं तिथं कडा.

"पळा!" मी ओरडले, आणि कुठे, ते मला ठाऊक नव्हतं.

"पळून नाही होणार, ताई!" अभिराम ओरडला. "वारा आपल्यापेक्षा पळतोय! इथंच थांबा! रामहेत, माचिस!"

"साहब, और आग?"

"दे आधी!"

त्यानं गुडघ्यावर बसून आमच्या पुढचं, दरीकडचं गवत पेटवलं. एकदा विझलं. दुसऱ्यांदा धरलं. ती नवी आग वाऱ्याबरोबर आमच्यापासून दूर, पूर्वेकडे पळाली आणि मागे काळी, धुमसती जमीन टाकत गेली. जळलेलं पुन्हा जळत नाही! त्या काळ्यात शिरलो तर वाचणार होतो.

"सगळं पाणी कपड्यांवर! तोंड झाका! आत चला!"

कॅन रिकामा झाला. मी आणि रामहेत त्या तापलेल्या राखेत उतरलो. बुटांचे तळ मऊ झाल्याचं पायांना कळत होतं.

"काका?" अभिराम मागे वळला. "काका कुठे?"

धुरात एक माणूस फांदी आपटत होता. संभाजीराव. आगीच्या तोंडाशी, एकटे, डावा हात चेहऱ्यावर आडवा धरून, त्या भिंतीला झाडूनं मारावं तसे मारत होते. आपण लावलेली आग आपणच विझवणार, एवढाच हट्ट उरला होता त्यांच्यात.

"काका, या ना मागे! काका, प्लीज! सोडा ते!"

त्यांनी ऐकलं. वळले नाहीत.

तेव्हा अभिरामचा आवाज बदलला. तीन वर्षं मी त्या माणसाला ओळखत होते, पण हा आवाज मी ऐकला नव्हता.

"संभाजीराव! फांदी टाका! मागे फिरा! हा हुकूम आहे!"

फांदी खाली पडली. सगळी नोकरी हुकूम पाळण्यात गेलेला माणूस होता तो; त्याचे पायच आपोआप फिरले. तो धावत आला, अभिरामनं त्याला कॉलरला धरून काळ्या जमिनीत ओढलं आणि पालथं पाडलं. आम्ही चौघं ओल्या कापडांखाली, चेहरे मातीत खुपसून. मग ती आली. डोक्यावरून नाही, दोन्ही बाजूंनी. उष्णता पाठीवर हात ठेवून दाबत होती. श्वास घेतला की आत चटका, न घेतला की डोळ्यांपुढे ठिणग्या. रामहेत हनुमानाचं नाव घेत होता आणि मधेच आपल्या सासऱ्याला शिव्या देत होता; का, ते त्यानं नंतरही सांगितलं नाही.

मग आवाज पुढे गेला. पुढे, अजून पुढे. आम्ही उठून बसलो. सगळे होतो.

संभाजीरावांच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून बोटांपर्यंत सोलून आली होती. ते तिच्याकडे दुसऱ्याची असावी तसं बघत होते.

पाण्याचा थेंब नव्हता. नाका पठाराच्या दुसऱ्या टोकाला, मधे धुमसती जमीन. पाणी असलंच तर ते रानीखोहच्या तळाशी. कड्याला लागलो तर खाली उतरायला जागा दिसेना. सरळ तुटलेला लाल खडक. आम्ही कडेकडेनं पाय ओढत चालत राहिलो. एका ठिकाणी संभाजीराव थांबले. मोठा खडक, त्याच्या आड, आगीनं न शिवलेला वाळक्या वेलींचा पडदा. त्यांनी उजव्या हातानं वेली बाजूला केल्या.

"अभि," ते म्हणाले. एवढंच.

रस्ता होता! खरंच होता! हत्ती आरामात उतरेल एवढा रुंद, दरीच्या बाजूनं घडीव दगडांची कड, डोंगराच्या बाजूनं पाणी काढायला चर, आणि तो चर अजून मोकळा. प्रत्येक वळण असं सावकाश दिलेलं, की आमच्या मोडलेल्या पायांनाही उतार जाणवेना. आजवर आम्ही ज्यांना हसलो, त्या बारशातल्या गप्पा आमच्या पायाखाली दगडाच्या झाल्या होत्या. संभाजीराव पुढे चालत होते. जळलेला हात छातीशी धरलेला, आणि मान अशी वर, की मागून हत्ती येत असावेत.

"जेसीबी लावला तर आठवड्यात ट्रक उतरेल," अभिराम पुटपुटला. त्याचे डोळे चमकत होते. मला त्यात भोपाळ स्पष्ट दिसलं.

खाली सावली होती. नुसती सावली नव्हे, ओल होती. करधईची खोडं इतकी दाट की आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसत होतं. जमिनीवर गवताची काडी नाही, फक्त ओला, मऊ पालापाचोळा. ओढ्याला घोट्याइतकं पाणी. आम्ही जनावरांसारखे पालथे पडून प्यालो. मी संभाजीरावांचा हात पाण्यात धरला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा "आई गं" म्हटलं. रामहेत बूट काढून पाण्यात पाय सोडून बसला आणि बसल्या बसल्या झोपला.

अभिराम झाडं बघत फिरत होता. खोडाला मिठी मारून जाडी मापत होता, सरळपणा बघत होता. सरळ होतीच. मग तो थांबला आणि वर बघू लागला.

"ताई, आग कुठे गेली?"

मी वर पाहिलं. धूर नव्हता. एवढी गर्जत दरीकडे आलेली आग. इथं, आमच्या डोक्यावर असायला हवी होती.

तो चढणीला लागला. दमलेल्या माणसानं का चढावं, म्हणून चिडत मीही मागोमाग गेले. दरीच्या कडेशी, जिथं दाट झाडी सुरू होत होती, तिथं आग मेलेली होती. सावलीत हातभर आली होती, ओला पाला थोडा काळा केला होता आणि विझली होती. काळ्या जमिनीची हद्द कुणी दोरी धरून आखावी तशी होती, आणि त्या हद्दीवर अलीकडे जुने, तोडलेले बुंधे.

"इथपर्यंतच तोड झाली होती," अभिराम म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारख्यानंच लिहिलं असणार, झाडं परत येतील म्हणून. सावली गेली, ऊन आलं, गवत आलं. झाडं आली नाहीत."

"आणि गवतातून आज आपण आलो," मी म्हटलं.

"रानीखोह तोडली तर इथंही हेच होईल. आधी लाकडाचे ट्रक. मग दगडाचे. मग गवत. मग कुणीतरी काका, कुणीतरी काडी."

पाठीमागे संभाजीराव येऊन उभे होते. आम्हाला कळलं नव्हतं.

तेवढ्यात अभिरामचा फोन वाजला. कड्यावर रेंज मिळाली होती. प्रांजलीचा निरोप. त्यानं वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला, बहुतेक एकट्यानं वाचणं जड गेलं म्हणून. *शाळेजवळ घर बघितलंय. गच्ची आहे. अवंतिका विचारते, बाबांना कुठली खोली?*

मी वाचून फोन परत दिला. अशा वेळी बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

त्यानं तो खिशात टाकला आणि म्हणाला, "काका, रानीखोह मी आराखड्यात घालणार नाही. तोड नाही. आणि रस्ता... रस्ताही दाखवणार नाही."

"बंद म्हणून दाखव," संभाजीराव म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "बंद तर बंद. पण नाव लिही. एवढंच तर मागून राहिलोय, अभि. मी ट्रक मागितले का? बंगला मागितला? आजोबांचं नाव मागतोय."

"नाव लिहिलं की रेघ आली, काका. रेघ आली की दगडवाले पुढच्याच आठवड्यात हजर."

"अरे पण तो आहे! माझ्या आजानं बांधलेला आहे! आयुष्यभर लोक हसले मला, आज सापडला, आणि तू म्हणतोस दिसलाच नाही?"

"हो," अभिराम म्हणाला. तो वाकला नाही. "म्हणतोय."

मी संभाजीरावांकडे पाहिलं. वाटलं, आता मुंज निघेल, खांदा निघेल, केस निघतील. काहीच निघालं नाही. ते जळलेल्या हाताकडे बघत राहिले, मग पठारावरच्या काळ्या जमिनीकडे. एक भाजलेला ससा तिथं पडला होता, त्याच्याकडे जरा जास्त वेळ.

"सकाळी असा का नाही बोललास?" ते म्हणाले.

"चुकलं. नाही म्हणायचं काम माझं होतं. आगीच्या अहवालात तसंच लिहीन."

"माझं नाव?"

"तुमचं नाव कशाला? प्रमुख मी होतो."

संभाजीराव "हं" म्हणाले. मग रस्त्याच्या तोंडाशी गेले आणि एका हातानं बोरीच्या वाळलेल्या फांद्या ओढून वेलींच्या पडद्यापुढे टाकू लागले. एक टाकली, दम खाल्ला, दुसरी टाकली. रामहेतनं खालून येऊन हे पाहिलं आणि त्याचा चेहरा लांबला. त्याच्या चौकीपर्यंतची जीप त्या काट्यांखाली जात होती.

"तो आटा फिर सिर पे?" त्यानं विचारलं.

"सिर पे," अभिराम म्हणाला.

रामहेतनं एक लांब शिवी दिली, कुणालाच उद्देशून नाही, आणि सगळ्यांत मोठी फांदी त्यानंच ओढून आणली. आम्ही चौघांनी मिळून ते तोंड बुजवलं. नंतर तिथून दहा पावलांवर उभी राहून मलाही रस्ता सापडेना.

परतीचं चालणं मी सांगत नाही. राख, ऊन, आणि मधेमधे कुणीतरी खाली बसायचं, त्याला बाकीच्यांनी उठवायचं. नाक्याला पोचलो तेव्हा जीप बघून मला रडू आलं. तिचा रंग कधी नव्हे तो सुंदर वाटला.

आता या हिशेबात कुणी किती भरलं ते सांगते.

रामहेतनं मानेनं भरलं, आणि भरतोच आहे. आटा, डाळ, तेल, सगळं डोक्यावरून. पठारानं गवत भरलं, ससे भरले, तितरांची अंडी भरली, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. मी नकाशा काढला. त्यात रानीखोहच्या जागी हिरवा रंग आहे, एकही रेघ नाही. खोटा नकाशा काढायची माझी पहिली वेळ. त्याची किंमत मला अजून नीट लावता आलेली नाही. संभाजीरावांची डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. लग्नाबारशांत ते आता येतात, जेवतात, रस्त्याचा विषय निघाला की "म्हातारे लोक काहीही सांगतात" म्हणतात आणि पाणी मागतात. सगळी माणसं हसतात.

वरच्या साहेबांनी काही भरलं नाही. त्यांना दुसऱ्या एका विभागातून लाकूड मिळालं, असं ऐकलं.

आणि अभिराम. आगीसाठी लेखी ठपका आला, त्याच पाकिटात बदलीचा नकार. शाळेजवळचं घर प्रांजलीनं सोडलं नाही. तिनं आणि अवंतिकानं ते दोघींचंच घेतलं. बाबांची खोली त्यांनी ठेवली आहे, म्हणे. सध्या तिथं सायकल असते.